कपाशीच्या पाकिटातला पेटंटचा वाटा

खामगाव, मलकापूर, नांदुऱ्याचा शेतकरी 2015मध्ये बीजी-2 कपाशीचं 450 ग्रॅमचं पाकीट घेई, तेव्हा त्यातले सुमारे 163 रुपये बियाण्याचे नसत. ती बोंडअळीरोधक जनुकाच्या तंत्रज्ञानाची फी असे. शेजारच्या जालन्याची महिको आणि अमेरिकेची मोन्सँटो यांच्या संयुक्त कंपनीकडे ती जाई. याच फीवरून नुझिवीडू सीड्स या बियाणे कंपनीशी वाद पेटला आणि मोन्सँटोने पेटंटभंगाचा दावा लावला. जानेवारी 2019मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण पुन्हा दिल्ली उच्च न्यायालयाकडे पाठवलं. 2021मध्ये तडजोड झाली.

भाव मात्र कोर्टाच्या निकालाने उतरला नाही. तो उतरवला केंद्राच्या दरनियंत्रणाने: 2016मध्ये पाकीट 800 रुपये, त्यात फी 49. 2020मध्ये फी शून्यावर आली, तरी पाकीट 730 रुपयांनाच होतं. बीजोत्पादन, मजुरी, वाहतूक, विक्रेत्याचं कमिशन हा खर्च उरतोच.

मोबाइलच्या किमतीतही अशी फी दडलेली असते. डिसेंबर 2014मध्ये एरिक्सनच्या पेटंटभंगाच्या दाव्यावरून दिल्ली उच्च न्यायालयाने शाओमीची विक्री काही काळ रोखली होती. ही फी किमतीत दडलेली राहते, म्हणून ती किती, हे ग्राहकाला उघड कळलंच पाहिजे.