कर एकाकडे, जाब दुसऱ्याला

1980च्या दशकात छत्रपती संभाजीनगरजवळच्या (तेव्हाचे औरंगाबाद) वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना आला, पाठोपाठ इतर कंपन्या आल्या आणि कामगारांच्या वस्तीतून बजाजनगर उभे राहिले. जमीन महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची (एमआयडीसी), मतदान मात्र वडगाव कोल्हाटी-बजाजनगर ग्रामपंचायतीसाठी. वर्दळ शहराची आणि कारभार 1958च्या ग्रामपंचायत कायद्याचा. त्यामुळे ड्रेनेज तुंबले की रहिवाशाला आधी हेच शोधावे लागते, की तक्रार नेमकी कुणाकडे करायची. या गोंधळाचे मूळ पैशाच्या वाटेत आहे.

ग्रामपंचायतीच्या नमुना 8 या कर आकारणी नोंदवहीत मालमत्तेपुढे घरपट्टी, दिवाबत्ती, आरोग्य, पाणी असे रकाने असतात. कर आणि सेवा एकाच ओळीत येतात, म्हणून कर भरणाऱ्याला जाब विचारता येतो. विकेंद्रीकरणाचा अर्थ एवढाच. पंचायतींना घटनात्मक दर्जा देणारी 73वी घटनादुरुस्ती 1993मध्ये लागू झाली. पण पंचायतींना कोणते कर लावू द्यायचे, हे राज्यांवर सोपवले गेले. परिणाम रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी 2024च्या अहवालात दिसतो: देशभरातील पंचायतींच्या महसुलात स्वतःच्या करांचा वाटा जेमतेम 1 टक्का, केंद्राच्या अनुदानाचा सुमारे 80 टक्के. औद्योगिक पट्ट्यातील गावे याला अपवाद ठरू शकतात, कारण करपात्र कारखाने त्यांच्याच हद्दीत आहेत. तिथेही 2019मध्ये राज्य सरकारने कारखान्यांच्या कराची वसुली एमआयडीसीकडे दिली आणि ग्रामपंचायतीला निम्मा वाटा ठेवला.

उद्योजकांची बाजू खोटी नाही. दोन कार्यालयांचे हेलपाटे नकोत, आकारणी मनमानी नको आणि रस्ते-पाणी एमआयडीसी देते तर तिलाही वाटा हवा. पण वसुली कुणीही करावी, हिशेब मतदारापुढे यायला हवा. ग्रामपंचायतीत पैसा मुरतो हा आक्षेपही अनेकदा खरा असतो. मात्र सरपंचाला निवडणुकीत घरी बसवता येते, एमआयडीसी ग्रामसभेला बांधील नाही. वाट्याचे म्हणाल तर, फिलिपीन्सने 1991च्या कायद्यात राष्ट्रीय अंतर्गत करमहसुलातला 40 टक्के वाटा स्थानिक संस्थांसाठी ठरवून दिला. ठरलेला वाटा हक्काने मागता येतो. इथे तो निम्मा ठरला आहे, पण निम्मा कशाचा, हे गावाला कळले पाहिजे. एमआयडीसीने गावनिहाय वसुली आणि स्वतःच्या वाट्याचा खर्च दरवर्षी ग्रामसभेत मांडावा. बजाजनगरकरांनी येत्या ग्रामसभेत तसा ठराव करून घ्यावा.