पंचगंगेकाठचा समुद्रदेव

कोल्हापूरला समुद्र नाही. मध्ये अख्खा सह्याद्री आडवा पडलाय. तरीही सीपीआर हॉस्पिटलसमोरच्या टाऊन हॉलमध्ये समुद्राचा एक देव मुक्कामाला आहे. तोही आपला वरुण नव्हे, तर थेट ग्रीकांचा पोसायडन! ब्राँझची मूर्ती जेमतेम वीतभर. पण पिळदार शरीराचा एकेक स्नायू असा ओतलाय की पाहतच राहावं. उंचावलेल्या हातातला त्रिशूळ तेवढा आता नाही.

हा देव इथे आला कसा? त्याचं उत्तर पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीच्या मातीत होतं. 1940च्या दशकात तिथे रोमन बनावटीच्या ब्राँझवस्तूंचं घबाडच हाती लागलं. 1945-46 मध्ये ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी टेकडीचं रीतसर उत्खनन केलं, तेव्हा सातवाहनकाळातलं नांदतं नगर उजेडात आलं. पोसायडनच्या सोबत्यांमध्ये आरसा आहे, सुरया आहेत आणि माणसं पाठीवर घेतलेला छोटासा हत्तीही आहे. हत्ती मात्र अस्सल इथला. परदेशी आणि देशी कारागिरी एकाच घबाडात!

यामागचा खरा सूत्रधार म्हणजे आपला मोसमी वारा. इसवी सनाच्या पहिल्या शतकातले नाविक जुलैच्या सुमारास इजिप्तहून निघत. नैर्ऋत्येचा वारा शिडात भरून घेत ते भर समुद्रातून भारताचा किनारा गाठत आणि वारा उलटला की परतत. त्या काळच्या ग्रीक प्रवासपुस्तिकेत, ‘पेरिप्लस’मध्ये, कल्याण आणि चौलही बंदरं म्हणून नोंदलेली आहेत. बंदरात उतरलेला माल घाटवाटांनी देशावर चढे. ज्या पावसानं पंचगंगा दुथडी भरते, त्याच पावसाच्या वाऱ्यानं रोमन जहाजं इकडे हाकली!

ब्रह्मपुरीत सापडलेल्या वस्तूंसाठी 1946 मध्ये संग्रहालय सुरू झालं आणि 1949 मध्ये ते टाऊन हॉलमध्ये आलं. ही इमारतही पाहण्याजोगी आहे. 1872 ते 1876 या काळात उभी राहिलेली, टोकदार मनोरे आणि उतरत्या छपरांची, युरोपातल्या गॉथिक धाटणीची. म्हणजे ग्रीक देव, रोमन व्यापार, सातवाहन नगर आणि संस्थानी कोल्हापूर यांची गाठ एकाच छपराखाली पडते. आणि ब्रह्मपुरी इथून पायी जाण्याइतकी जवळ. मूर्ती पाहून थेट टेकडीवर जावं : दोन हजार वर्षांपूर्वीचं कोल्हापूर जगाच्या कोपऱ्यात नव्हतं, भर रस्त्यावर होतं, हे तिथे उभं राहिल्यावर नीट पटतं.