एकाच धावपट्टीवर शिकाऊ आणि सराईत

कळवणमधल्या एखाद्या मुलीने बारावीनंतर वैमानिक व्हायचे ठरवले, तर तिला आता परमुलूख गाठण्याची गरज नाही. धुळ्याच्या गोंदूर धावपट्टीवर बॉम्बे फ्लाइंग क्लबची विमाने आहेत, शिरपूरला प्रशिक्षण अकादमी आहे आणि जळगाव विमानतळही प्रशिक्षण संस्थांना खुला झाला आहे. व्यावसायिक परवान्यासाठी किमान 200 तासांचे उड्डाण लागते आणि खर्च 40-50 लाखांच्या घरात जातो. 2023 मध्ये एअर इंडियाने 470 आणि इंडिगोने 500 विमानांची मागणी नोंदवली, तेव्हा वैमानिक लागणार हे उघड आहे. पण हे 200 तास कोणत्या आकाशात आणि कोणत्या विमानांच्या शेजारी भरायचे, हा प्रश्न फी आणि कर्जाच्या हिशेबात मागे पडतो. खरे तर तो आधी विचारायला हवा.

बॉम्बे फ्लाइंग क्लबचाच इतिहास पाहा. हा क्लब 1928 मध्ये जुहूला सुरू झाला. जे. आर. डी. टाटा तिथेच उड्डाण शिकले आणि 10 फेब्रुवारी 1929 रोजी त्यांना देशातला पहिला वैमानिक परवाना मिळाला. पुढे शेजारी सांताक्रूझचा, म्हणजे आजचा मुंबई विमानतळ वाढत गेला. दोन्ही विमानतळ इतके जवळ, की 1953 मध्ये ब्रिटिश कंपनीचे कॉमेट जेट चुकून जुहूला उतरले. 24 सप्टेंबर 1972 रोजी जपान एअरलाइन्सच्या डीसी-8 नेही तीच चूक केली आणि ते धावपट्टी ओलांडून पुढे गेले. हजारो तास उडालेल्यांची जिथे अशी गफलत होते, तिथे दहा-पंधरा तासांच्या विद्यार्थ्याचे काय? डिसेंबर 2018 मध्ये मुंबई विमानतळाने 24 तासांत 1,007 विमानांची ये-जा हाताळली. अशा आकाशात शिकाऊ विमानाला जागा उरत नाही. क्लबचे उड्डाण प्रशिक्षण आज धुळ्यात चालते.

अडचण मुळात वेगाची आहे. शिकाऊ सेसना 172 उतरताना ताशी सुमारे 120 किलोमीटर वेगाने येते, तर एटीआर 72 सारखे प्रवासी विमान 200 च्या आसपास. सेसना धावपट्टीपासून 5 किलोमीटरवर आणि एटीआर तिच्या मागे 3 किलोमीटरवर असेल, तर सेसना टेकेपर्यंत एटीआर तिला गाठते. सेसना मागे असेल तर धोका वेगळा. मोठ्या विमानाच्या पंखांच्या टोकांपासून हवेचे भोवरे सुटतात आणि हलक्या विमानाला ते उलटेपालटे करू शकतात. म्हणून उतरताना हलक्या विमानाने मध्यम वजनाच्या विमानामागे साधारण 3 मिनिटे थांबायचे असते.

त्यात विद्यार्थी सर्किट मारत असतो. जमिनीपासून सुमारे 1,000 फुटांवर धावपट्टीभोवती चौकोनी फेरी घ्यायची, टेकायचे आणि लगेच पुन्हा उडायचे. हा टच अँड गो तासन्‌तास चालतो. वेग, उंची आणि वारा सांभाळतानाच रेडिओवर नियंत्रकाचे बोलणे ऐकून त्याला नीट उत्तर द्यायचे आणि बाहेर नजरही ठेवायची. नवख्याच्या हातून यातले एखादे काम सुटतेच.

25 सप्टेंबर 1978 रोजी अमेरिकेतल्या सॅन दिएगोवर जे घडले, ते या विषयाचे सर्वांत कठोर उदाहरण आहे. एका सेसना 172 मध्ये प्रशिक्षक शेजारी बसवून तिथल्या मोठ्या विमानतळावर केवळ उपकरणांवर विसंबून उतरण्याचा सराव सुरू होता. पीएसए कंपनीच्या बोइंग 727 ला तिची सूचना मिळाली, वैमानिकांनी ती दिसल्याचे सांगितले आणि नंतर ती नजरेआड झाली. हे नियंत्रकाला स्पष्ट कळलेच नाही. सेसनाही नेमून दिलेली दिशा सोडून वळली होती. नियंत्रण कक्षातला इशारा टकरीच्या 19 सेकंद आधी वाजला, पण वैमानिकांना सेसना दिसते आहे, असे समजून नियंत्रकाने काही केले नाही. जमिनीवरच्या 7 जणांसह 144 माणसे गेली. त्यानंतर आसपासच्या लहान विमानतळांवर उपकरण अवतरण यंत्रणा बसवण्यात आली, म्हणजे सरावासाठी मोठ्या विमानतळावर येण्याचे कारणच उरले नाही.

भारतात 12 नोव्हेंबर 1996 रोजी चरखी दादरीजवळ दोन विमानांच्या हवेतल्या टकरीत 349 जण मृत्युमुखी पडले आणि प्रवासी विमानांत टक्करविरोधी यंत्रणा सक्तीची झाली. मात्र समोरच्या विमानात ट्रान्सपाँडर, म्हणजे रेडिओ संकेताने विमानाची ओळख देणारे उपकरण, नसेल किंवा तो बंद असेल, तर या यंत्रणेला ते विमान दिसतच नाही.

आता जळगाव. भारतीय विमानतळ प्राधिकरणाने 2021 मध्ये बेळगाव, जळगाव, कलबुर्गी, खजुराहो आणि लीलाबारी हे पाच विमानतळ प्रशिक्षण संस्थांसाठी निवडले. हवामानाचा त्रास कमी आणि विमानांची वर्दळही कमी, हा त्या निवडीचा आधार होता. एप्रिल 2024 मध्ये फ्लाय 91 या विमान कंपनीने गोवा आणि हैदराबादहून जळगावला एटीआर विमाने सुरू केली. खानदेशाला ही सेवा हवीच होती. पण निवडीचा आधार बदलत असेल, तर सरावाच्या वेळा, सर्किटमधल्या विमानांची संख्या आणि सरावाचे क्षेत्र यांचा आढावाही प्रत्येक नव्या वेळापत्रकाबरोबर घ्यायला हवा.

मोकळे आकाश आपोआप सुरक्षित होते, असेही नाही. 16 जुलै 2021 रोजी चोपडा तालुक्यात वर्डीजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी शिरपूरचे प्रशिक्षण विमान कोसळले. प्रशिक्षकाचा मृत्यू झाला, शिकणारी मुलगी जखमी झाली. जुलै 2025 मध्ये कॅनडात स्टाइनबाखजवळ दोन शिकाऊ विमाने एकाच वेळी उतरायला आली आणि हवेत धडकली. दोन्ही विद्यार्थी गेले. त्यातला एक केरळचा होता.

म्हणून पालकांनी फी भरण्यापूर्वी संस्थेत जाऊन नेमके प्रश्न विचारावेत. धावपट्टीवर हवाई वाहतूक नियंत्रण आहे का, आणि ते दिवसभर असते का? नसेल तर विमाने एकमेकांना कोणत्या फ्रिक्वेन्सीवर ठावठिकाणा सांगतात? सर्किटमध्ये एका वेळी किती विमाने सोडतात? प्रवासी विमान येण्याआधी किती मिनिटे टच अँड गो थांबतो? प्रत्येक विमानात चालू ट्रान्सपाँडर आहे का? पहिल्या सोलो उड्डाणाआधी विद्यार्थ्याचे रेडिओवरचे बोलणे कोण तपासतो? आणि विद्यार्थ्याने स्वतःची चूक कळवली, तर त्याला शिक्षा होते की त्यावरून सगळ्या बॅचला शिकवले जाते? शेवटचा प्रश्न मुख्य प्रशिक्षकाबरोबरच तिथल्या दोन-तीन विद्यार्थ्यांनाही वेगळे गाठून विचारावा.