मेंढीच्या पाठीवरचा व्यापार

कुमाऊँच्या जोहार खोऱ्यातल्या मिलम गावाहून तिबेटात उतरायचं तर उंटा धुरा, जयंती धुरा आणि कुंगरी बिंगरी अशा तीन खिंडी लागत. तिन्ही ५,००० मीटरांहून उंच. मधल्या टापूत ना चारा, ना जळण; म्हणून तिन्ही शक्यतो एका दमात ओलांडायच्या. या खोऱ्यातले शौका व्यापारी पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आले, तेही मेंढ्या-बकऱ्यांवर माल लादून.

मेंढीच का? खेचराला चंदी लागते. मेंढी वाटेतलं खुरटं गवत ओरबाडत चालते. हातभर रुंदीच्या वाटेवरही ती अडत नाही. एखादी दरीत गेलीच, तर दहा-बारा किलो माल जातो, अख्खी खेप बुडत नाही. शिवाय तिच्या अंगावरची लोकर हाही विक्रीचाच माल.

लादणीत मात्र हयगय चालत नसे. आपल्याकडच्या पडशीसारखी दोन तोंडांची छोटी थैली, तिला करबच म्हणत. दोन्ही बाजूंना वजन सारखं हवं, नाहीतर थैली एकीकडे घसरते आणि मेंढीची पाठ सोलून निघते. म्हणून एक पट्टा छातीवरून, एक शेपटीखालून. शेकडो जनावरं रोज सकाळी अशी लादायची आणि संध्याकाळी मोकळी करायची. उतरवलेल्या थैल्या एकावर एक रचल्या की वाऱ्याला आडोसा तयार. खिंडीच्या थराराबद्दल पुष्कळ लिहिलं जातं, पण या व्यापाराचा खरा घाम गळत होता तो या गाठी मारण्या-सोडण्यात.

जाताना धान्य, गूळ, कापड; येताना मीठ, लोकर आणि टाकणखार. तिबेटच्या पठारावर खाऱ्या पाण्याची सरोवरं आहेत, पण धान्य म्हणावं तर जवळजवळ सातूच. इकडे कुमाऊँच्या डोंगरांपासून समुद्र शेकडो कोस लांब. गरज दोन्हीकडे होती, फक्त मध्ये हिमालय होता.

उधारी कोण कोणावर ठेवणार? प्रत्येक शौका घराण्याचा पलीकडे ठरलेला ‘मित्र’ असे आणि हे नातं बापाकडून मुलाकडे जाई. करार करताना एक दगड फोडून त्याचे दोन तुकडे दोघांनी ठेवायचे. पुढे माणूस बदलला तरी तुकडे जुळले की ओळख पटली. कागदापेक्षा हे बरं. दगडाच्या भेगेची नक्कल करता येत नाही.

तिबेटी भाषा, रस्ते आणि रीतिरिवाज अंगवळणी पडलेली ही माणसं इंग्रजांच्या सर्वेक्षण खात्याच्या नजरेत न भरती तरच नवल. मिलमचे नैनसिंह रावत या खात्यासाठी १८६५-६६ मध्ये वेष पालटून ल्हासापर्यंत गेले; पावलं मोजायला हातात १०० मण्यांची जपमाळ होती.

हा व्यापार १९६२च्या युद्धाने मारला, असं सरसकट म्हटलं जातं. ते अर्धसत्य आहे. १८८४ मध्ये रेल्वे काठगोदामला पोचली आणि समुद्राचं स्वस्त मीठ डोंगराच्या पायथ्याशी येऊन पडू लागलं. तिबेटी मिठाची रया तेव्हापासूनच जाऊ लागली होती. लोकरीने बाजू सावरली. कानपूरच्या गिरण्या ती विकत घेत.

१९५४च्या भारत-चीन करारात व्यापाऱ्यांसाठी सहा खिंडींची नावं आहेत: शिपकी ला, माणा, नीती, कुंगरी बिंगरी, दारमा आणि लिपुलेख. कराराची मुदत आठ वर्षांची होती. जून १९६२ मध्ये ती संपली, नवा करार झाला नाही आणि ऑक्टोबरमध्ये युद्ध पेटलं. मेंढ्यांचे कळप विकले गेले, उन्हाळ्यात गजबजणारं मिलम ओस पडलं. १९६७ मध्ये शौकांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाल्यावर पुढच्या पिढ्या सरकारी नोकऱ्यांकडे वळल्या.

लिपुलेखमधून १९९२ मध्ये व्यापार पुन्हा सुरू झाला, मागोमाग शिपकी लामधूनही. २००६ मध्ये सिक्कीमचा नथू ला उघडला. कुंगरी बिंगरीची पाळी मात्र आली नाही.