चितळ दिसण्याआधीचा ब्रेक

नागपूरहून जबलपूरकडे निघालेला ट्रक मनसर मागे टाकून देवलापारच्या वाटेला लागला की पेंचचं जंगल रस्त्याला येऊन भिडतं. साकोली आणि देवरीच्या दरम्यान रस्ता नवेगाव–नागझिऱ्याचं जंगल कापत जातो. परतवाड्याहून धारणीकडे चढताना मेळघाट लागतो. या वाटांवर रात्रीची गाडी हाकणाऱ्यांमध्ये हरणांबद्दल काही ठाम समज आहेत. जुना ड्रायव्हर ते नव्या क्लीनरला सांगतो आणि क्लीनर ड्रायव्हर झाला की तोही तेच सांगतो. त्यातले बरेचसे चुकीचे आहेत आणि त्यांपायी जनावरासोबत माणसंही मरतात.

सगळ्यात घातक समज म्हणजे ‘एक गेलं, आता रस्ता मोकळा’. चितळ एकटं क्वचितच फिरतं. पुढची मादी रस्ता ओलांडते तेव्हा बाकीचा कळप घाणेरीच्या झुडपात कान टवकारून उभा असतो. गाडी जवळ आली की तो मागेच थांबेल असं आपल्याला वाटतं, पण त्याची ओढ पुढे गेलेल्यांकडे असते. पाडस तर आईमागे धावतंच. म्हणून पहिलं चितळ दिसलं की गाडी पार हळू करायची. ते पलीकडे पोहोचल्यावरही ॲक्सिलेटरवर पाय ठेवायची घाई नको. ज्या बाजूने ते आलं त्या बाजूवर नजर ठेवायची. सांबर बहुधा एकटं किंवा दोन-तीनच्या गटात असतं आणि ते मुख्यतः रात्रीच हिंडतं. भेकर एकटं असतं आणि इतकं बुटकं की गवतातून थेट डांबरावरच उगवतं.

‘डोळे चमकतात, लांबूनच कळतं’ हेही अर्धंच खरं. हरणाच्या डोळ्यात प्रकाश परतवणारा थर असतो, म्हणून डोळे चमकतात. पण त्यासाठी त्याने गाडीकडे पाहायला हवं. पाठमोरं चरणारं चितळ चमकत नाही. त्याचा तांबूस रंग आणि पांढरे ठिपके वाळल्या गवतात मिसळून जातात.

आता वेगाचा हिशेब. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला २२ मीटर पळते. जनावर दिसून पाय ब्रेकवर दाबेपर्यंत साधारण दीड सेकंद जातो, म्हणजे ३३ मीटर तिथेच गेले. ब्रेक उत्तम आणि रस्ता कोरडा असला तरी पुढे आणखी ५० मीटर लागतात. एअर ब्रेकला हवा पोहोचायला लागणारा क्षण वेगळाच. डिपरच्या उजेडात झुडपाआडचं जनावर चाळीस-पन्नास मीटरवर दिसलं तरी नशीब म्हणायचं. तोच हिशेब ताशी ४० ला केला तर सगळं मिळून ३० मीटरच्या आसपास येतं. ‘माझा हात पक्का आहे, मी सावरून घेईन’ म्हणणाऱ्याने हे आकडे एकदा कागदावर मांडून पाहावेत. गाडी थांबेल की नाही हे चितळ दिसण्याच्या आधीच ठरलेलं असतं.

मग शेवटच्या क्षणी माणूस कट मारतो. ‘स्टिअरिंग फिरवून जीव वाचवला’ असं धाब्यावर कौतुकाने सांगितलं जातं, पण लोड गाडीला हे जमत नाही. उंच माल भरलेला असेल तर वजन वरच्या अंगाला असतं. एक चाक साइडपट्टीच्या मऊ मातीत उतरलं आणि स्टिअरिंग झटक्यात परत ओढलं, तर गाडी पलटी होते. अर्धवट भरलेल्या टँकरमध्ये आतला द्रवच एका बाजूला धाव घेतो. समोरून मोटरसायकलवरचं कुटुंब येत असेल, तर विचारच करवत नाही. आपल्या लेनमध्ये सरळ राहून ब्रेक लावायचा. तरीही धडक बसणारच असेल तर ती सरळ बसू द्यायची. हे लिहिताना जिवावर येतं, पण खरं हेच आहे.

‘ट्रकला काय होतंय?’ असंही म्हणतात. सांबराचा मोठा नर दोनशे किलोच्या पुढे जातो, रोहीचा, म्हणजे नीलगायीचा, नरही तितकाच भरतो. अशा धडकेत रेडिएटर फुटतो, हेडलाइट जातो, आणि मागून येणारा ट्रक अंगावर चढू शकतो. मेलेलं जनावर तिथेच पडून राहिलं तर वास काढत तरस आणि कोल्हा येतात. पुढच्या गाडीखाली मग तेही जातात.

अप्पर मारला की हरीण पळतं, हा समज तर उलटाच आहे. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांवर एकदम झोत पडला की त्याला काहीच दिसत नाही, आणि ते जागच्या जागी खिळतं. समोर दिसलंच तर डिपर करावा, वेग तोडावा, वाट द्यावी. हॉर्न दाबून धरला की बिथरलेला कळप कुठल्याही दिशेला उधळतो, कधी थेट चाकाखाली.

जंगलाची पाटी संपली की धोका संपला, असंही नाही. रोही तूर-हरभऱ्याच्या शेतात राहतात, काळवीट माळरानावर. उन्हाळ्यात ही जनावरं पाण्यासाठी रस्ता ओलांडतात. पहाट आणि तिन्हीसांज या वेळा जास्त जपायच्या. दिवसा एक खूण उपयोगी पडते. रस्त्याकडेच्या झाडावर वानरं असली की खाली चितळ असण्याची शक्यता धरावी, कारण वानरं पाडतात तो पाला आणि फळं खायला चितळं जमतात.

पेंचमधून जाणाऱ्या महामार्गाबद्दल ‘पुलाखालून जनावरं जातात थोडीच?’ असं अजून ऐकू येतं. जातात. महाराष्ट्राच्या हद्दीत तिथे असे नऊ मार्ग बांधले आहेत, त्यातला सर्वात लांब ७५० मीटरचा. भारतीय वन्यजीव संस्थेने तिथे कॅमेरे लावले तेव्हा १८ जातींचे वन्यप्राणी खालून जाताना टिपले गेले. त्यात चितळं भरपूर होती आणि वाघही होते. या मार्गांवर घातलेला पैसा सार्थकी लागला, असं मी ठामपणे म्हणेन. मात्र अशा पुलावर किंवा त्याखाली गाडी लावून स्वयंपाक मांडला, तर जनावर दुसरीकडून रस्त्यावर चढेल. मेळघाटच्या घाटरस्त्याला अशी सोय नाही. तिथे वेग कमी ठेवणं एवढंच हाती उरतं.

अपघात झालाच तर जखमी हरणाला उचलून गाडीत घालू नये. पकडल्याच्या धसक्यानेच हरणाचे स्नायू निकामी होतात आणि ते मरतं. तोंडात पाणी ओतलं तर श्वासनलिकेत जातं. मांस किंवा शिंग घरी नेणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. मेलेलं जनावर सरकारी मालमत्ता ठरतं, आणि असं काही ताब्यात आलं तर ४८ तासांत कळवावं लागतं. कळवलं की जबाब होतो, चौकशी होते, हे खरं आहे. पण पळून गेलेल्या गाडीचा मागही टोलनाक्यांवरून निघतो, आणि मग अपघात झाला एवढंच सांगून भागत नाही.

गाडी कडेला घ्यावी, चारही इंडिकेटर लावावेत, मागे रिफ्लेक्टरचा त्रिकोण ठेवावा. नर असेल तर शिंगांपासून लांब राहावं. वन विभागाचा १९२६ हा निःशुल्क क्रमांक आहे आणि राष्ट्रीय महामार्गावर १०३३ लागतो. फोनवर सगळ्यात आधी जवळच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा सांगावा. ‘देवलापारच्या पुढे’ एवढ्यावर वनरक्षकाला अंधारात जागा शोधत फिरावं लागतं.