मास्क माझा, सिलिंडर भाड्याचा

नाताळच्या सुट्टीत मालवणला मावशीकडे गेले होते, तेव्हा पहिल्यांदा स्कूबा केलं. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ बोटीतून उतरवलं, इन्स्ट्रक्टरने धरून खाली नेलं. वर आल्यावर सगळे प्रवाळ, मासे, रंग असं काय काय सांगत होते. मला नुसतं धुकं दिसलं होतं. डोळ्यांचा नंबर उणे साडेचार आणि चष्मा बोटीत! भाड्याचा मास्क साध्या काचेचा, वर नाकाजवळ गळका.

तरी खूळ लागलं ते लागलंच. आता ओपन वॉटर कोर्स करायचाय. तो केला की सोबत्याबरोबर १८ मीटरपर्यंत जाता येतं. शिकवण्या घेऊन पैसे साठवलेत. तेवढ्यात पुण्याच्या एका ओळखीच्यांनी त्यांचा वापरलेला सगळा सेट स्वस्तात देऊ केला. पण सेट घेतला की कोर्सला पैसे उरत नाहीत. पप्पा म्हणाले, "अगं, सदलग्यात हे घालून बुडणार कुठं? दूधगंगेत?" मी चिडले, पण प्रश्न बरोबर होता.

सिलिंडर तर आधीच बाद. त्यात साधारण २०० बार दाबाने हवा भरतात. मोटारीच्या चाकात असते २ बारच्या आसपास. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरचं ते काम नाही, आणि त्या हवेतला तेलाचा अंश फुप्फुसाला घातक. (लोक त्याला ऑक्सिजनची टाकी म्हणतात. आत आपली साधीच हवा असते, गाळून दाबलेली.)

खरा मोह रेग्युलेटरचा. १९४३ मध्ये कुस्तो आणि गान्यां या दोन फ्रेंच माणसांनी ही युक्ती जमवली. टाकीतला प्रचंड दाब उतरवून, भोवतीच्या पाण्याचा जेवढा दाब तेवढ्याच दाबाची हवा तो तोंडात देतो. १० मीटरवर दाब जमिनीवरच्या दुप्पट होतो, म्हणून हे लागतंच. पण त्यातले रबरी रिंग, झडपा खारं पाणी आणि काळ दोन्ही खातात. पेटीत पडून राहिला तरी त्याचं साधारण वर्षाला सर्व्हिसिंग हवं. आता हिशेब बघा, आकडे मी समजुतीपुरते धरलेत. सर्व्हिसिंग ४,००० रुपये, भाडं दिवसाला ७००. पावसाळ्यात समुद्र बंद आणि पुढे कॉलेज, त्यामुळे मला वर्षाला मिळणार चार दिवस. म्हणजे भाडं २,८००. किंमत वसूल होणं लांबच, नुसती देखभालच भाड्याहून महाग! शिवाय बऱ्याच ठिकाणी डाइव्हच्या पैशांतच साहित्य धरलेलं असतं. स्वतःचं आणलं तर किती कमी कराल, हे आधी विचारायचं. हवेचं जॅकेट, म्हणजे बीसीडी, याच हिशेबात बसतं. महिन्यातून दोनदा बुडणाऱ्याचं गणित अर्थातच वेगळं.

आमच्याकडे दोन एकर उसाला कुणी ट्रॅक्टर घेत नाही, नांगरटीला भाड्याने सांगतात. खुरपं मात्र घरचं असतं.

माझं खुरपं म्हणजे मास्क. तो चेहऱ्यागणिक वेगळा बसतो. पट्टा न लावता चेहऱ्याला टेकवायचा, नाकाने हलकासा श्वास ओढायचा. हात सोडल्यावर चिकटून राहिला तर आपला. पोहायचा गॉगल चालत नाही, कारण नाक आत नसेल तर वाढत्या दाबात नाकाने हवा सोडून आतला दाब सारखा करता येत नाही आणि डोळ्यांना इजा होते. काही मास्कमध्ये नंबराच्या तयार काचा बसतात, अर्ध्या-अर्ध्याच्या टप्प्याने, दोन्ही डोळ्यांना वेगवेगळ्या. त्या सिलिंडर नंबर सहसा धरत नाहीत (हा सिलिंडर चष्म्याचा!). माझा अगदी थोडा आहे, चालून जाईल. नव्या काचेवर कारखान्यातला पातळ थर असतो. तो टूथपेस्टने घासून काढला नाही, तर पुन्हा धुकंच.

भाड्याचं घेताना लाजायचं नाही. हवेचा वास घ्यायचा. दोन्ही तोंडपट्ट्यांतून चार-पाच श्वास घेत प्रेशरचा काटा बघायचा. तो हलायला लागला तर टाकीची झडप नीट उघडलेली नाही किंवा काहीतरी बिघडलंय. जॅकेट फुगवून थोडा वेळ तसंच ठेवायचं. नळीला चिरा दिसल्या तर सरळ दुसरी मागायची.

पुण्याला 'नको' कळवलंय. मास्क आलाय, कपाटात डब्यात ठेवलाय. फिन्सचं कोर्स झाल्यावर बघेन. सुट्टी लागली की निपाणीहून राधानगरी, फोंडा घाटाने मालवण. मावशीला फोन झालाय.