लाळपरीक्षा, परिदंत रोगातील
हिरड्या व दातांचा अस्थिआधार यांच्या दाहयुक्त विकाराचा (परिदंत रोगाचा) लाळेवरून माग काढण्याची पद्धती. हिरडीतून रक्त येणे हे या रोगाचे नेहमीचे पूर्वचिन्ह होय. धूम्रपान करणाऱ्यांत मात्र ते बहुधा दबलेले राहते, हिरडी वरवर निरोगी भासते आणि आतील अस्थिनाश चालूच असतो. लाळेतील मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटिनेज-८ हे कोलॅजनाचे विघटन करणारे एंझाइम मुख्यतः पांढऱ्या कोशिकांतून येते व रोग सक्रिय असता वाढते. तथापि धूम्रपान करणाऱ्यांत त्याचे प्रमाण काही अभ्यासांत कमी आढळले आहे. म्हणून इतरांसाठी ठरविलेली मर्यादा त्यांना जशीच्या तशी लावणे धोक्याचे ठरते. परीक्षेत दोष न आढळला, तरी खुणांकित सळईने (एषणीने) हिरडीच्या खोबणीची खोली मोजावीच लागते.